मीठ, कोंडा आणि भाताचा देव : नोतो द्वीपकल्पाचा शेतीवारसा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना शेतीविषयी बोललेलं आवडलं असतं, असं त्यांचा सहवास लाभलेल्या मंडळींनी मला सांगितलं. म्हणून आज शेतीबद्दलच बोलणार आहे. मात्र शेती आहे जपानमधली, आणि तिच्या बरोबरीनं तिथल्या ताटात काय वाढलं जातं याबद्दलही मी बोलणार आहे.

भातशेतीच्या बाबतीत जपान आपल्याला अगदीच परका नाही. १९५३ साली आपल्या देशात ‘जपानी पद्धती’ची मोठी मोहीम निघाली. तिचे सुरुवातीचे प्रयोग मुंबईजवळ, बोरिवलीच्या कोरा केंद्रात झाले होते. गादीवाफ्यावर रोपं तयार करायची, मोजक्या रोपांची ओळीत लावणी करायची, ओळींमधून कोळपं फिरवायचं, खत हिशेबानं द्यायचं. त्या मोहिमेनं आपल्या भातशेतकऱ्याला पुष्कळ दिलं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्यामुळे जपानी शेती म्हणजे एकरी उतारा, एवढीच ओळख आपल्याकडे रुजली. ज्या जपानी शेतकऱ्याला उताऱ्याच्या शर्यतीत कधी पहिलं येता आलं नसतं, त्याच्याकडे काय होतं हे आपण विचारलंच नाही. नोतो हा अशा शेतकऱ्यांचा मुलूख.

होन्शू या जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम अंगाला, इशिकावा प्रांतातून एक द्वीपकल्प उत्तरेकडे जपानच्या समुद्रात घुसलं आहे. तेच नोतो. सगळा डोंगराळ भाग. डोंगर फार उंच नाहीत, पण सपाटी अशी जवळपास नाहीच. वायव्येकडचा किनारा उघडा. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारं वारं तिथे इतकं झोंबतं, की काही गावांनी समुद्राच्या बाजूला उंच बांबूंची सलग कुंपणं उभारली आहेत आणि घरं त्यांच्या आडोशाला राहतात. पूर्वेकडचा किनारा शांत, खाड्या-आखातांचा. तिथे नानाओच्या उपसागरात कालवं पोसली जातात. पर्सिव्हल लोवेल हा अमेरिकन गृहस्थ, जो पुढे मंगळाचा अभ्यासक म्हणून नावाजला, तो १८८९ साली या भागात फिरून गेला आणि १८९१ मध्ये त्यानं नोतोवर पुस्तक लिहिलं. आनामिझुच्या आखातात खांबांच्या उंच मनोऱ्यावर बसून बोय माशांच्या थव्याची वाट पाहणारे कोळी त्यानं पाहिले होते.

जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं नोतोला ‘जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा’ म्हणून मान्यता दिली. सादो बेटालाही त्याच वेळी मिळाली. जपानमधली ही पहिली दोन नावं, आणि विकसित देशांमधलीही पहिलीच. त्याच वर्षी आपल्याकडचं काश्मीरचं केशर या यादीत आलं. पाठोपाठ ओडिशातलं कोरापुट आणि केरळातलं कुट्टनाड आलं. महाराष्ट्रातलं एकही नाव या यादीत नाही, ही गोष्ट जाता जाता नोंदवून ठेवतो.

नोतोचं नाव निघालं की छायाचित्र दाखवतात ते शिरोयोने सेन्माइदाचं. वाजिमा शहराच्या पूर्वेला डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या उतारावर सुमारे चार हेक्टरांत १,००४ खाचरं आहेत. सगळ्यात खालच्या खाचराच्या पायाशी लाटा फुटतात. खाचरं एवढी लहान, की यंत्र वळवायला जागा नाही. लावणी हातानं, कापणी विळ्यानं. तिथे एक गोष्ट सांगतात. एका शेतकऱ्यानं दिवसाचं काम संपवून खाचरं मोजली तर एक कमी भरलं. पुन्हा मोजली, तरी कमीच. शेवटी घरी जायला म्हणून त्यानं जमिनीवर ठेवलेलं गवताचं इरलं उचललं, तर हरवलेलं खाचर त्याखाली होतं. २००१ साली जपान सरकारनं या उताराला राष्ट्रीय निसर्गरम्य स्थळाचा दर्जा दिला. आता शहरातली माणसं वर्षाला ठरावीक रक्कम भरून एकेका खाचराची पालक होतात आणि लावणी-कापणीला येतात. मधल्या काळातली बांधबंदिस्ती, पाण्याची राखण, बेणणी ही गावातल्या राबत्या माणसांकडे असते.

सेन्माइदा सुंदर आहे यात शंका नाही. पण माझं म्हणणं असं, की नोतोचा वारसा त्या छायाचित्रात मावत नाही. तिथे एका कामातून उरलेलं दुसऱ्या कामाला लागतं आणि दुसऱ्यातून उरलेलं तिसऱ्याला. डोंगर, खाचर आणि समुद्र ही एकमेकांची देणी आहेत. ती देणी जोवर फिटत राहतात तोवर नोतो आहे. हे समजून घ्यायला मिठापासून सुरुवात करू.

आपल्या मिठागरांत भरतीचं पाणी कोंडतात आणि ऊन ते आटवतं. नोतोला हे जमत नाही. हवा दमट, आणि जपानच्या समुद्राला भरती-ओहोटीचा फरक इतका कमी, की पाणी आपण होऊन वाफ्यात चढत नाही. म्हणून द्वीपकल्पाच्या टोकाकडच्या सुझु भागात ‘अगेहामा’ नावाची रीत टिकून राहिली. समुद्रापेक्षा वरच्या पातळीवर, चिकणमाती ठोकून सपाट केलेल्या अंगणासारख्या जागेवर बारीक वाळू पसरलेली असते. माणूस लाटांत उतरतो, दोन लाकडी बादल्या भरतो, कावडीनं वर आणतो आणि मोठ्या पिंपात ओततो. मग एका निमुळत्या लाकडी भांड्यात ते पाणी घेऊन, कमरेतून वळत, वाळूवर भिरकावतो. पाणी पावसासारखं सारखं पडलं पाहिजे. एका जागी जास्त पडलं तर तिथली वाळू वाळत नाही, आणि दिवस वाया जातो. पाणी वाहायला शिकण्यात तीन वर्षं आणि शिंपायला शिकण्यात दहा, असं तिथले मीठकरी म्हणतात. दिवसभर दाताळ्यानं वाळू ओढून उन्हाला लावायची. दुपारनंतर ती गोळा करून लाकडी चौकटीत भरायची आणि तिच्यावरून पुन्हा समुद्राचं पाणी सोडायचं. वाळूवरचं मीठ विरघळून खाली जे घट्ट खारं पाणी गळतं, ते कढईत घालून लाकडाच्या जाळावर तासन् तास आटवायचं. हे सगळं उन्हाळ्याच्या महिन्यांत. आणि पाऊस आला की सगळं थांबतं.

नोतोवर सत्ता असलेल्या कागा संस्थानच्या काळात या मिठाला राजाश्रय होता. भात पिकवायला ज्यांच्याकडे पुरेशी जमीन नाही अशा किनाऱ्यावरच्या गावांना संस्थान तांदूळ देई आणि त्या बदल्यात मीठ घेई. पुढे १९०५ साली मिठाची सरकारी मक्तेदारी आली. १९७१ मध्ये सरकारनं कारखान्यात मीठ काढण्याचं धोरण घेतलं तेव्हा देशभरची मिठाची शेतं मोडली. सुझुमध्ये मात्र जुनी रीत कशीबशी हातात राहिली. १९९७ मध्ये मक्तेदारी उठल्यावर आणखी काही जण त्या कामाकडे वळले. २००८ साली या कौशल्याला राष्ट्रीय लोकवारशाचा दर्जा मिळाला. १९७१ ते १९९७ या मधल्या पाव शतकात ज्यांनी बादली खाली ठेवली नाही त्यांना त्यातून फारसं काही मिळत नव्हतं. हातातली विद्या आपल्या पिढीत सुटू नये, एवढ्यासाठी ते राबत राहिले. अशा माणसांचे उपकार सरकारी दर्जापेक्षा फार मोठे असतात असं मला वाटतं.

आता हे मीठ कुठे कुठे जातं पाहा. मीठ काढून झाल्यावर कढईत जो कडू द्राव उरतो त्यानं सोयाबीनचं दूध घट्ट होतं, म्हणजेच तोफू बनतं. सुझुच्या टोकाला ओहामा नावाचं देशी सोयाबीन होतं. ते पार संपत आलं होतं. गावकऱ्यांनी थोडं बियाणं वाढवून ते पुन्हा शेतात आणलं आणि त्या सोयाबीनचं तोफू अगेहामाच्याच कडू पाण्यानं करायला घेतलं. म्हणजे मीठकरी राबला नाही तर हे तोफू नाही, आणि तोफू खपलं नाही तर ते सोयाबीन पेरायला कारण उरत नाही.

मिठाचा दुसरा रस्ता पिंपाकडे जातो. नोतोतला मासळीचा रस्सा, भाजी, लोणचं, यांच्या मुळाशी एक काळसर, उग्र वासाचं पाणी असतं. वाजिमाच्या बाजूला त्याला इशिरु म्हणतात आणि ते तारल्यांसारख्या माशांपासून करतात. पूर्व किनाऱ्यावर इशिरी म्हणतात आणि ते माकलीच्या आतड्या-काळजापासून करतात. तिथलं ओगि हे माकलीचं नावाजलेलं बंदर. माकली साफ करताना जे फेकून द्यायचं, तेच मिठात घालून वर्षभर, कधी त्याहून जास्त, मुरवायचं. हळूहळू सगळं विरघळतं. गाळून, उकळून जे हाती येतं त्याचा एक चमचा अख्ख्या पातेल्याला पुरतो. पहिल्यांदा वास घेणारा मागे सरतो. पण मुळ्याच्या चकत्या त्यात बुडवून ठेवल्या, किंवा मोठ्या शिंपल्यात थोडं इशिरी, पाणी, वांगं आणि माकलीचे तुकडे घालून तो शिंपला निखाऱ्यावर ठेवला, की तो वास निवळून जातो आणि उरते ती नुसती चव.

हा शिंपला ज्या शेगडीवर ठेवतात तीही सुझुचीच. तिथल्या डोंगरात डायटमाइट नावाची हलकी, सच्छिद्र माती आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची बनलेली. कारागीर जमिनीखाली बोगदा खणून, छिन्नीनं तिचे अखंड ठोकळे कापून आणतात आणि कोरून शेगडी करतात. तीच शिचिरिन. आत धग धरते, बाहेरून हाताला फार चटकत नाही. निखारे येतात ते ओकच्या राखलेल्या रानातून. रान ठरावीक वर्षांनी तोडलं की बुंध्याला नवे फुटवे येतात. तोडलं नाही तर झाडं म्हातारी होतात आणि रान गच्च, अंधारं होतं. त्यामुळे लोणारी माणसाची कुऱ्हाड थांबली की तिथलं रानही बिघडतं.

आणि भाताचा कोंडा? गिरणीतून पडलेला कोंडा मिठाबरोबर पिंपात जातो. वसंतात तारल्या स्वस्त आणि भरपूर मिळतात. त्या आधी खारवायच्या, मग कोंड्याचे थर देत लाल मिरची घालून रचायच्या, वर दगडाचं वजन ठेवायचं आणि उन्हाळा जाऊ द्यायचा. गरम दिवसांत पिंपातलं आंबणं जोर धरतं. शरदात काढलेली ही ‘कोन्का इवाशी’ कोंड्यासकट किंचित भाजतात. ती इतकी खारट, की एका तुकड्यावर वाडगाभर भात सहज संपतो. ज्या खाचरानं भात दिला त्यानंच भातासोबतचं कालवणही टिकवलं.

भाताची कापणी उरकली की पुरुषमंडळी घरात बसत नसत. हिवाळ्यात ते गाव सोडून साकेच्या, म्हणजे तांदळाच्या मद्याच्या, दूरदूरच्या भट्ट्यांवर कामाला जात आणि वसंतात नांगरटीच्या वेळी परतत. नोतोचे हे मुख्य कारागीर, तोजी, जपानमधल्या चार मोठ्या परंपरांपैकी एक मानले जातात. शेतीत पोट भरत नाही म्हणून सुरू झालेली ही वाट. तिनं देशभरच्या साकेला चव दिली. मागे राहिलेल्या बायका घर, शेत, म्हातारी माणसं सांभाळत आणि बाजारही. वाजिमाचा सकाळचा बाजार हजार वर्षांहून जुना असल्याचं सांगतात, आणि तो बायकांचा बाजार. घरची भाजी, घरचं लोणचं, सुकवलेले मासे आणि दगडांवरून खरवडलेलं शेवाळ घेऊन त्या रस्त्याच्या दुतर्फा बसत. एक-दोन नवरे पोसता येत नसतील तर ती बाई कसली, असं वाजिमात बायकांच्या कर्तबगारीबद्दल मोठ्या तोऱ्यात बोललं जातं. त्याच गावाच्या आमा, म्हणजे श्वास रोखून समुद्रात बुडी मारणाऱ्या बायका, अबालोन आणि शंख काढतात. कोणत्या बेटाशी कोणत्या मोसमात किती काढायचं याचे नियम त्यांनी स्वतःवरच घालून घेतले आहेत.

आता ज्या गोष्टीमुळे मी नोतोकडे ओढला गेलो त्या गोष्टीकडे येतो. पाच डिसेंबरला नोतोतली काही शेतकरी घरं भाताच्या देवाला घरी आणतात. या विधीचं नाव ‘आए नो कोतो’. पुजारी नाही, देऊळ नाही. घरचा कर्ता माणूस सणाचे कपडे घालून संध्याकाळी खाचरावर जातो, देवाला उठवतो, वर्षभर राबलात, आता चला म्हणतो. देवाला दिसत नाही. भाताच्या कणसांनी डोळ्यांना इजा झाली, असं सांगतात. म्हणून कर्ता वाटेत बोलत राहतो: इथे पायरी आहे, इथे उंबरा आहे. घरात आणून आधी शेकोटीजवळ बसवतात. मग न्हाणीघरात नेतात. कर्ता पाण्यात हात घालून ऊन किती आहे ते पाहतो. मग बियाण्याच्या भाताची पोती जिथे ठेवली आहेत त्या मानाच्या जागी बसवून जेवण वाढतात. देव जोडीनं असतो, म्हणून ताटं दोन. लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचा भात, दोन पायांचा म्हणजे फाटे फुटलेला मुळा, समुद्रातला शेपटी-डोक्यासकट मासा, अमाझाके हे गोड पेय. देवाला दिसत नसल्यानं कर्ता एकेका पदार्थाचं नाव घेऊन सांगतो: हे इथे आहे, हे गरम आहे. देवाचं झालं की तेच अन्न घरची मंडळी खातात. देव हिवाळाभर घरात मुक्कामाला राहतो आणि नऊ फेब्रुवारीला त्याला पुन्हा तसंच न्हाऊ-जेवू घालून शेताकडे पोचवतात.

युनेस्कोनं २००९ साली या विधीला जागतिक सूचीत घेतलं. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की देवाकडे काही मागण्याआधी त्याच्या श्रमांची जाणीव ठेवली जाते. आणि त्या ताटात डोंगर, शेत आणि समुद्र तिघांनाही जागा असते. खाचराच्या देवानं समुद्रातला मासा खायचा, ही नोतोतली रीतच आहे.

१ जानेवारी २०२४ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नोतोला ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नववर्षाचा दिवस, मुलं-नातवंडं शहरांतून आली होती. ज्या घरांत डिसेंबरात विधी झाला होता त्या घरांत देवही होता. घरं कोसळली, सुनामी आली, वाजिमात सकाळचा बाजार भरायचा तो भाग रात्रभर जळत राहिला. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच सुझुत एकेकाळी अणुवीज प्रकल्प येणार होता. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला आणि २००३ मध्ये तो बेत गुंडाळला गेला. भूकंपाचा केंद्रबिंदू सुझुच्याच भागात होता.

वायव्य किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी तब्बल चार मीटरपर्यंत वर आली. बंदरांतलं पाणी ओसरलं आणि होड्या चिखलात रुतल्या. ज्या खडकांवरून बायका शेवाळ खरवडत ते खडक कोरडे, पांढरे पडले. मीठकऱ्यांपासून समुद्र लांब गेला. साके भट्ट्यांच्या भिंती पडल्या आणि आंबत असलेला माल त्याखाली अडकला. सेन्माइदाच्या बांधांना भेगा गेल्या, पाण्याचे पाट तुटले. त्या वर्षी १,००४ पैकी सुमारे १२० खाचरांतच लावणी झाली. आणि सप्टेंबरात त्याच वाजिमा-सुझुवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. आधीच हललेले डोंगर खाली आले.

बाहेरून मदत आली तशी मतंही आली. इतक्या म्हाताऱ्या, ओसरत्या वस्तीवर एवढा खर्च कशासाठी, असं जपानमध्येही बोललं गेलं. सुझुत निम्म्याच्या आसपास माणसं पासष्टीपुढची आहेत, हे खरंच आहे. पण तिथे जाणारी रेल्वे २००५ सालीच बंद झाली होती. वस्ती आधी ओसरली की सोयी आधी गेल्या, याचा हिशेब कुणी लावत नाही. वारसा म्हणून ज्याचा गौरव करायचा, तो चालवणाऱ्या माणसाला दवाखाना आणि रस्ता खर्चिक म्हणून नाकारायचा, हे मला मान्य नाही. आपल्या सह्याद्रीतल्या वाड्या-पाड्यांबद्दलही हेच बोलणं चालतं, म्हणून हे जरा जोरानं सांगतो.

बाजाराच्या बायकांनी मार्चमध्येच कानाझावा शहरात जाऊन पथाऱ्या मांडल्या आणि नंतर वाजिमातल्याच एका दुकान-संकुलात जागा घेतली. पडक्या भट्ट्यांतला वाचवलेला माल दुसऱ्या प्रांतांतल्या भट्ट्यांनी आपल्या पिंपांत घेतला. तोजी तिथे जाऊन काम करू लागले. आमा बायका वर आलेल्या समुद्रतळाची पाहणी करायला पाण्यात उतरल्या, कारण कुठला खडक कुठे होता हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. मीठकऱ्यांपुढे दूर सरलेल्या समुद्रातून पाणी वर आणण्याचं काम उभं राहिलं.

दुरुस्तीचा क्रम कसा असावा यावर तिथे अजून बोलणं चालू आहे. रस्ते आधी, मग घरं, मग बंदरं, आणि शेताचे पाट सगळ्यात शेवटी, असा कागदावरचा क्रम सहज ठरतो. पण एक हंगाम पाट कोरडा राहिला की बांधाच्या भेगा वाढतात. खाचर पडीक राहिलं की कोंडा नाही, आणि कोंडा विकत आणून मासे खारवणारी म्हातारी दुसऱ्या वर्षी पिंप धुऊन पालथं घालून ठेवते. बंदराचा गाळ उपसला नाही तर माकली नाही, आणि ओगितलं इशिरी मुरायलाच वर्ष लागतं. आज पिंप भरलं नाही तर पुढच्या वर्षी विकायला काही नसतं. शिवाय माकलीची मासळी जपानभर आधीच घटलेली आहे. म्हणून पाट, बंदर, भट्टी आणि रान यांची दुरुस्ती वेगवेगळ्या खात्यांकडे वेगवेगळ्या वर्षी सोपवून चालणार नाही, असं माझं मत आहे. सेन्माइदा राखणाऱ्या मंडळींनी त्या पहिल्या वसंतात, स्वतः तात्पुरत्या घरांत राहत असताना, आधी भेगा मातीनं बुजवल्या, पाणी कुठवर पोचतं ते पाहिलं आणि जिथवर पोचलं तिथवर लावणी केली.